वास्ते कोणी आणले

अधिक महिना म्हणजे जावयांचा महिना. 2023 साली अधिक श्रावण आला आणि माझ्या मावशीचा धाकटा जावई नेमका त्याच वेळी इंग्लंडहून सुट्टीवर आला. मावशीने रीतसर वाण दिलं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, त्यावर दिवा, जेवायला पुरणाचे धोंडे. संध्याकाळच्या गाडीने नागपूरला परतायचा त्याचा बेत होता. पण वर्धा फुगली, बल्लारपूरच्या पुलावरून पाणी गेलं, पोलिसांनी रस्ता अडवला आणि जावई तीन दिवस सासुरवाडीत अडकला.

आमच्याकडे सासू जावयाशी समोरासमोर वाद घालत नाही. ऐकवायचंच असेल तर मधे एक माणूस लागतो. त्याच्याकडे पाहून बोलायचं आणि जावयाने ऐकायचं. ते तीन दिवस मधला माणूस मी होतो.

मावशीची खानावळ राजुऱ्यात, आसिफाबादकडे जाणाऱ्या रस्त्याला. तीस वर्षं झाली. गिऱ्हाईक म्हणजे सिमेंटचे ट्रकवाले, सास्तीच्या कोळसा खाणीतले कामगार, तहसिलीत खेटे घालणारी माणसं, शेवटची बस हुकलेले मास्तर. पूल बंद म्हणून त्या दिवशी बाकडी रिकामी होती. जावई केंटच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात शेफ आहे. मावशी त्याला आचारी म्हणते. तो हसतो. माझ्या मावसबहिणीला मात्र ते खपत नाही.

वाद सुरू झाला तो फळ्यावरून. फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: पनीर मसाला, शेवभाजी, आलूमटर, दालतडका, अंडाकरी, चिकन. आणि मागच्या पडवीत मावशी घरच्यांसाठी वास्ते सोलत बसली होती.

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. हातभर लांब, बुडाशी जाड, टोकाला निमुळते. सालीवर तपकिरी बारीक लव असते. ती बोटात शिरली की दिवसभर कुसळासारखी टोचत राहते. मावशी विळीवर साल उभी चिरायची आणि एकेक पदर सोडवायची. आठ-दहा पदर निघाले की आत हस्तिदंती रंगाचा गाभा उरतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, उकळायच्या, पाणी फेकायचं, पुन्हा उकळायच्या. कडूपणा त्या पाण्यात जातो आणि कच्च्या कोंबातलं विषही जातं. ढीगभर सालींतून निघते पातेलंभर भाजी.

"मामी, हे फळ्यावर का नाही?" जावयाने विचारलं.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "बाबू, जवाईबापूले सांग, फळ्यावर वास्ते लिहिले तं ट्रकवाला विचारीन, काहून, पनीर संपलं का?"

"पण घरी तर तुम्ही हेच खाता."

"घरी खातो म्हणूनच. बाहेर जेवाले येते तो माणूस घरचं सोडून आलेला असते. त्याले बाहेरचंच पाहिजे."

तेव्हा जावयाने मनातलं सांगून टाकलं. त्याला परत यायचंय. याच रस्त्याला सहा टेबलांची जागा काढायचीय. पनीर नाही. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, चण्याची डाळ घालून वास्ते, आले तर सात्या नावाची अळंबी, काटवल, तरोटा, वर्धेतले मासे, शेवटी मोहफुलांचं काहीतरी गोड. रोज सकाळी बाजार बघायचा आणि मग फळा लिहायचा.

"सहा टेबलं!" मावशी म्हणाली. "बाबू, सहा टेबलायवर विजेचं बिल तरी निघीन का?"

तो तिथे जे शिजवतो त्याला मॉडर्न ब्रिटिश म्हणतात. म्हणजे काय, हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. त्याने सांगितलं ते असं. इंग्रजांच्या जेवणाला अख्खा युरोप नावं ठेवायचा, आणि त्यात खोटं फार नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, 1940 च्या जानेवारीत, तिथे रेशन सुरू झालं ते 1954 च्या जुलैपर्यंत चाललं. चौदा वर्षं. युद्धात दूध एकाच साच्याच्या चीजकडे वळवलं गेलं. त्याला लोक सरकारी चेडर म्हणत. गावोगावची वेगवेगळी चीजं त्या काळात बुडाली, काही कायमची. एक पिढी चवीवाचून वाढली आणि पुढच्या पिढीला चांगलं जेवण म्हणजे फ्रेंच जेवण असं वाटायला लागलं. मग ऐंशीच्या दशकात काही स्वयंपाकी मागे वळले. 1994 साली फर्गस हेंडरसनने लंडनच्या स्मिथफिल्ड या मटण बाजाराजवळ सेंट जॉन हे हॉटेल काढलं. जागा जुन्या धुरीखान्याची. तिथला सगळ्यात गाजलेला पदार्थ म्हणजे भाजलेली नळी आणि सोबत पार्स्लीचा पाला.

"नळी?" मावशीने विळी थांबवली. "आमच्या घरी पोरं नळीसाठी भांडत. त्याले हॉटेल काहून लागते?"

"तेच तर म्हणतो, मामी. आपण ज्याला हॉटेलात जागा देत नाही, त्यालाच त्यांनी दिली."

"अन् चौदा वर्षं रेशन म्हणे. बाबू, आमच्या इथं तं अजून संपलं नाही."

ती हसत म्हणाली, पण बोलण्यात तथ्य होतं. रेशनचा तांदूळ आणि गहू घरात आला आणि ज्वारीची भाकर मागे सरली. राजुरा-कोरपना-जिवतीच्या शेतांत कापूस आणि सोयाबीन पसरलं. 2023 साली बाजारात ज्वारी गव्हाच्या वरचा भाव खात होती. ज्या पोटभरीच्या भाकरीला लोक हिणवायचे, तीच परवडेनाशी झाली. सरकारी चेडरची आमची आवृत्ती, असं माझ्या मनात आलं. पण रेशनने इथल्या कित्येक घरांतली उपासमार थांबवली हेही खरं, आणि ते विसरून चवीचं रडगाणं गाणं मला जमत नाही.

इथे नदीबद्दल सांगायला हवं, कारण इंग्रज आणि आम्ही यांच्यात ती होती. पलीकडचं बल्लारपूर 1854 पासून इंग्रजांच्या अमलात. अलीकडचं राजुरा निजामाचं, आदिलाबाद जिल्ह्यात, 1948 च्या सप्टेंबरपर्यंत. राज्य पुनर्रचनेत आम्ही मराठी मुलखात आलो, आधी नांदेड जिल्ह्यात आणि मग चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. म्हातारी माणसं अजूनही या काठाला मोगलाई म्हणतात. त्यामुळे आमच्या चुलीवर साहेबाची सावली पडली नाही. पडली ती तेलंगणाची. मावशीची आई आसिफाबादकडची. तिच्या तोंडी अंबाडीला पुंटीकूर असायचं आणि वरणाला चिंचेचा आंबटपणा थोडा जास्तच. तेव्हा 'आपलं अस्सल' असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोणत्या काठाचं?

दुपारी जावयाने फोनवर फोटो दाखवले. केंटमध्ये व्हिटस्टेबलच्या पश्चिमेला सीसॉल्टर नावाची वस्ती आहे. समुद्राचा बांध, मागे दलदल, मेंढ्या, वारा आणि एकटाच उभा जुना पब. नाव द स्पोर्ट्समन. 1999 साली स्टीफन हॅरिसने तो चालवायला घेतला. स्वयंपाक तो स्वतःच शिकलेला. समोरच्या समुद्राचं पाणी आटवून मीठ करतो, लोणी तिथेच घुसळतो, डुकराची मांडी तिथेच मुरवतो. दलदलीवर चरलेल्या मेंढ्यांचं मटण, शेजारच्या पाण्यातली कालवं. 2008 साली त्याला मिशलिनचा तारा मिळाला. जावई एकदा पगार साठवून तिथे जेवून आला होता.

"मिशलिन म्हणजे टायरच ना?" मावशी म्हणाली. ट्रकवाल्यांची खानावळ चालवते, तिला हे माहीत असणारच.

"हो, तीच कंपनी. लोकांनी मोटारीने फिरावं, टायर झिजावेत, म्हणून हॉटेलांचं पुस्तक काढलं होतं."

"बाबू, म्हणजे टायरवाले सांगतात कुठं जेवाचं. आमचेबी टायरवालेच सांगतात. ट्रक जिथं उभे दिसले तिथं जेवाचं."

मग तिला मिठाचं आठवलं. "अन् मीठ घरीच करतात म्हणे? गांधीबाबानं केलं तवा तं याच लोकायनं त्यायले जेलात टाकलं होतं."

यावर जावयाकडे उत्तर नव्हतं. मी मात्र एक भर घातली. विदर्भाला समुद्र नाही. म्हणून 1930 च्या 10 जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात शिरून गवत कापलं आणि अटक करून घेतली. तिकडे चिमूटभर मीठ, इकडे पेंढीभर गवत. मला तेव्हा ही नुसती शोभेची माहिती वाटली होती. दुसऱ्या दिवशी ती उलटून माझ्याच अंगावर आली, ते पुढे सांगतो.

कालवांवरून खरी जुंपली. जावई म्हणाला, व्हिटस्टेबलची कालवं एके काळी गरिबांचं खाणं होती. लंडनमधले मजूर रस्त्यावर उभं राहून खायचे. मग समुद्रातली कालवं घटली, भाव चढला आणि आज साहेब लोक बर्फावर मांडून खातात. "म्हणजे मामी, गरिबाचं म्हणून कुठलं अन्न कायमचं हलकं नसतं."

"बाबू, यायले विचार, मग आता तिथले गरीब काय खातात?"

जावई थोडा थांबला. "तळलेला मासा आणि आलूच्या फोडी खायचे. आता तेही महाग झालंय."

"पाय!" मावशी मला म्हणाली. "आज मोहाची फुलं मले पायलीनं भेटतात. उद्या यायच्या सहा टेबलायवर ती वाटीनं विकली जातीन. मग गावातल्या बाईले पोराच्या हातावर ठेवाले चार फुलं राहतीन का?"

मला वाटलं, इथे मावशी जिंकली. पण जावई अडून बसला. म्हणाला, "हे पनीर कुठून येतं?"

"नागपूरवरून."

"म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे नागपूरला जातात. शेव कुठली, मैदा कुठला, कोंबडी कुठली? या फळ्यावरचा एक तरी पदार्थ असा आहे का, ज्याचे पैसे विरूरच्या नाहीतर जिवतीच्या माणसाच्या हातात पडतात? तुमच्या खानावळीच्या पाठीमागे पाच कोसांवर जंगल आहे आणि तुमच्या फळ्यावर त्याचा पत्ताच नाही. ताडोब्यात तरी काय वेगळं आहे? मुंबई-पुण्याचा माणूस वाघ पाहायला येतो आणि लोणावळ्यात जेवला असता तेच जेवून जातो."

मावशीने विळी आडवी केली. पहिल्यांदाच ती जावयाकडे पाहून बोलली, पण सुरुवात 'बाबू'नेच केली. "बाबू, मागच्या साली एक पोरगा आला. जिवतीच्या पहाडावरचा, कोलाम. सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडं लागला. पहिला पगार झाला अन् सीध्या माह्या खानावळीत आला. हात धुतले, फळा वाचला, बोट ठेवून वाचला, अन् म्हणे पनीर मसाला. त्याले मी म्हटलं असतं, बापा, तू तरोटा खा, तो तुहा अस्सल आहे? जनमभर त्यानं तरोटाच खाल्ला. त्याच्या मायनं पानी पडलं की तरोटा अन् नाही पडलं तं कण्या, एवढंच वाढलं. त्यानं पनीर खाल्लं, पाणी पिलं, अन् दुसरी प्लेट बांधून नेली मायसाठी. जवाईबापूले वाटते लोकायले चव समजत नाही. लोकायले भूक समजते. पनीर म्हणजे ती संपली, याचा कागद आहे."

पडवीत काही वेळ फक्त पावसाचा आवाज होता. मी गेली कित्येक वर्षं रानभाज्यांवर कौतुकाने लिहीत आलोय. तरोट्यात लोह किती आणि कुड्याच्या फुलांचे गुण काय, हे मी लेखांत मांडलंय. त्या पोराची आई माझ्या एकाही लेखात नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस तसाच. अधिक महिन्यात मावशी मासे घरात आणू देत नाही, म्हणून जावयाचं वर्धेचं स्वप्न तसंच राहिलं. वरण, भात, सांबारवडी असा बेत होता. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. जावयाने भाताचं शीत बोटांत दाबून पाहिलं. बारीक दाणा, मऊ, तरी मोकळा.

"कुठला तांदूळ?"

"एचएमटी."

"म्हणजे कोणाचा?"

मावशीला प्रश्नच कळला नाही. "कोणाचा म्हणजे? कंपनीचा. घड्याळवाली कंपनी ना ती?"

आता मधल्या माणसाने बोलायची वेळ होती. एचएमटी तांदूळ कुठल्याच कंपनीचा नाही. याच चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी तो शोधला. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली पटेल-3 जातीच्या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, बी वेगळं राखलं, हंगामामागून हंगाम पेरून पाहिलं. दाणा बारीक, उतारा चांगला, चव चांगली. बाजारात नेलं तर नाव नव्हतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, व्यापाऱ्यांनी तेच नाव ठेवून दिलं. पुढे देशभर लाखो ताटांत हा भात गेला. दादाजींनी आणखीही वाण काढले. एकाला त्यांच्या नावाची आद्याक्षरं मिळाली, डीआरके. राष्ट्रीय पातळीवरचा सन्मान झाला. गरिबी काही हटली नाही. 3 जून 2018 ला ते गेले.

"आपल्या जिल्ह्यातला माणूस?" मावशी म्हणाली. "तीस वर्षं झाली मी त्याचा भात रांधून राहिलो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'राहिलो' म्हणतात.

जावई जवळजवळ उठूनच उभा राहिला. "मामी, मी दोन दिवस हेच सांगतोय. तिथल्या फळ्यावर विशेषणं नसतात. चविष्ट, शाही, खास असं काही नाही. नुसतं काय आहे ते आणि कुठून आलं ते. अमक्या शेतातलं मटण. तमक्या होडीचा मासा. काही ठिकाणी शेतकऱ्याचं नावही. उत्तरेला कार्टमेल गावात सायमन रोगनचं लॉन्क्लूम आहे. 2002 साली सुरू झालं, 2022 मध्ये तिसरा तारा मिळाला. त्यांनी भाजीसाठी स्वतःचं शेतच केलंय. मला सहा टेबलं नकोतच. मला तो फळा पाहिजे. त्यावर मी लिहीन, भात: दादाजी खोब्रागडे, नांदेड, तालुका नागभीड."

"लिहा," मावशी म्हणाली. 'बाबू' नाही, थेट जावयाला. "मेलेल्या माणसाचं नाव लिहाले कोणाची हरकत नसते. अन् वास्त्यापुढं काय लिहाल?"

"ज्या बाईने आणले तिचं नाव. गावाचं नाव."

"लिहा. दुसऱ्या दिवशी गार्ड येईन तुमचा फळा वाचाले."

जावयाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. नागपूरचा मुलगा, आणि नंतर सगळं आयुष्य किनाऱ्यावर. राखीव जंगलातून बांबूचा कोंब काढणं हा वनगुन्हा ठरू शकतो. गार्डालाही सरसकट दोष देता येत नाही. एक वास्ता कापला की एक बांबू कमी होतो, आणि बाजारात वास्त्यांचे ढीग येऊ लागले तर रांजी, म्हणजे बांबूचं बेट, उजाड व्हायला वेळ लागत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हजेरीत तिथल्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्यांची पुस्तकं आली. तिथली बाई आपलं नाव कुठेही लिहू देऊ शकते. मावशीकडे वास्ते आणणाऱ्या बाईच्या गावाला तसा कागद नाही. तिकडच्या फळ्यावर माणसाचं नाव म्हणजे मान. इकडच्या फळ्यावर तेच नाव म्हणजे कबुलीजबाब. 1930 साली पुसदला गवत कापणाऱ्यांनी नाव सांगून अटक करून घेतली, कारण त्यांना ते जगाला दाखवायचं होतं. या बाईला फक्त मीठ-मिरची आणायची आहे.

"आणि नुसता गार्ड नाही," मावशी आता थांबत नव्हती. "आरटी-वन आठवते का बाबू?"

कोणाला आठवणार नाही? राजुऱ्याच्या जंगलातला वाघ. 2019 पासून त्याने माणसं मारायला सुरुवात केली. 27 ऑक्टोबर 2020 ला वनविभागाने त्याला बेशुद्ध करून पकडलं, तोपर्यंत त्याच्या नावावर आठ बळी होते. वाघालाही नाव होतं, आर आणि टी आणि एक. सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलेलं.

"त्या दोन पावसाळ्यात ही बाई मले म्हणे, येऊ का नको, समजत नाही. पण आली. चौघीजणी मिळून जात, एक झाडाखाली उभी राहून ओरडत राहे, बाकीच्या काढत. मी तिले दहा रुपये जास्त दिले." मावशीने पदराने हात पुसले. "दहा. वाघाचे दहा रुपये."

जावई हळूच म्हणाला, "आम्हीही दलदलीतून सॅम्फायर तोडून आणतो. घोळीसारखी खारट भाजी असते. भीती असते ती भरतीची. पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापलेलं मिळतं."

यानंतर दुपारभर दोघं फारसे बोलले नाहीत. पण वाद मिटला असं समजू नये. संध्याकाळी तो पुन्हा निघाला, वेगळ्या दारातून. जावयाने हिशेब मांडला: पूल बंद झाला की पनीर येत नाही, आणि तेव्हा खानावळीत जे शिजतं ते इथलंच असतं. मावशी म्हणाली, पूल बंद झाला की गिऱ्हाईकही येत नाही. त्याने दारूचा विषय काढला, तिकडचे पब बीअरवर तगतात. मावशीने 2015 ची आठवण दिली. त्या वर्षी एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, 2021 मध्ये उठली. मधल्या सहा वर्षांत या रस्त्यावरचे कितीतरी ढाबे झोपले. तिची खानावळ तरली, कारण ती वरण-भातावर उभी होती. "हे बाकी खरं," जावई म्हणाला. दोघांचं एकमत झालेली ती एकमेव गोष्ट. मग तो म्हणाला, फळ्याच्या एका कोपऱ्यात, पनीरच्या खाली, फक्त एक ओळ मला द्या. मावशी म्हणाली, बाबू, जवाईबापूले सांग, कोपरा घ्या, पण खडू माह्या हातात राहीन.

माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी जावयाच्या बाजूने गेलो असतो, एका अटीवर: पहिल्यांदा त्या कोलाम पोराला जेवायला बोलवायचं आणि तो काय मागवतो ते पाहायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. पूल मोकळा झाल्याची बातमी आली, रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न सुरू झाले. जावई कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहीत बसला होता. डोकावून पाहिलं. 'वास्ते, चण्याची डाळ', आणि पुढे कोरी जागा.

तेवढ्यात मागच्या दाराशी ती बाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर निळं मेणकापड, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. टोपली उतरवली. मावशीने दोन वास्ते उचलून नखाने बुडखा दाबून पाहिला. जावई हातात पेन घेऊन उठला.

"बाई, तुमचं नाव काय? गाव कोणतं?"

बाईने आधी पेनाकडे पाहिलं, मग मावशीकडे. "काहून? काय लिहून राहिले हे?" तिचा हात मेणकापडावर गेला.

"काही नाही वं. जवाई आहे माहा. परदेशात आचारी आहे."

बाईचा हात कापडावरून हलला नाही. जावयाने पेन खिशात ठेवलं.

"आज वीस जास्त लागतीन," बाई म्हणाली. "नाला फुगला होता. फेऱ्यानं आलो."

मावशीने कमरेची पिशवी चाचपली, माझ्याकडे वळली. "बाबू, जवाईबापूले विचार, सुटे आहेत का."

त्याने पन्नासाची नोट काढून दिली. बाईकडे सुटे नव्हते. तिने टोपलीतले आणखी दोन वास्ते काढून त्याच्या हातावर ठेवले, मेणकापड पुन्हा नीट खोचलं आणि फॉरेस्टच्या ऑफिसचा रस्ता टाळून मागच्या गल्लीने निघून गेली.